रस्ता गाडीला बंद होतो, पाण्याला नाही

सातपुड्यातले जुने कूपरस्ते, म्हणजे जंगलातलं लाकूड तोडून बाहेर काढायला केलेले रस्ते, बंद करावेत की नाही यावर आमच्याकडे ग्रुपवर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत सुद्धा जो वाद चालतो तो ऐकून ऐकून आता राहवेना म्हणून लिहितोय. एका बाजूला जंगलप्रेमी मंडळी, त्यांचं म्हणणं असं की रस्ता आला की कुऱ्हाड येते, मागून ट्रॅक्टर येतो, मग अतिक्रमण येतं, तेव्हा रस्ते बंद करा, तोंडाशी खंदक मारा, दोन मोठे धोंडे लोटा, जंगल आपोआप भरून येईल. दुसऱ्या बाजूला पाड्यांवरची शिकलेली पोरं आणि त्यांच्या बाजूने बोलणारे, ते म्हणतात आमच्या बाया अजून बाळंतपणाला झोळीतून खाली आणाव्या लागतात आणि तुम्ही जळगाव-धुळ्यात बसून आमचे रस्ते बंद करायला निघालात. दोन्हीकडून दिवसाला शंभर मेसेज पडतात आणि त्या शंभरात पाणी हा शब्द एकदाही येत नाही. गाडी यावी की येऊ नये, सगळं भांडण तेवढ्यावर.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जो रस्ता कोणाच्याच कामाचा उरला नाही तो बंद करायलाच हवा, पण नुसता तोंडाशी खंदक मारून सोडलेला रस्ता हा बंद केलेला रस्ता नव्हेच, तो फक्त बेवारस केलेला रस्ता आहे आणि चालू रस्त्यापेक्षा तो जास्त घातक, कारण चालू रस्त्याची मोरी तुंबली तर कोणी ना कोणी बोंब तरी मारतं, बेवारस रस्त्याची मोरी तुंबली तर ती कोणाला दिसतच नाही. रस्ता बंद करायचा म्हणजे त्या रस्त्याने अडवलेलं आणि वळवलेलं पाणी परत ज्याच्या त्याच्या नाल्यात नेऊन सोडायचं. ते काम होणार नसेल तर खंदकाचा खर्चही करू नका.

मागच्या श्रावणात आमच्या शिवाराच्या वर डोंगरात तास-दीड तास चालून गेलो होतो. सोबत पाड्यावरचे एक बाबा होते, सत्तरीच्या पुढचे, तरुणपणी याच रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होते ते. रस्ता बंद होऊन कैक वर्षं झालीत, तोंडाशी खंदक आहे, खंदकात टणटणी माजलीय, मोटरसायकल सुद्धा जात नाही. म्हणजे बंद करणाऱ्यांच्या हिशोबाने काम फत्ते. आत दोनेक किलोमीटरवर हा रस्ता एक नाला ओलांडतो, तिथे सिमेंटची नळी टाकून वर मुरमाचा पुरुषभर उंच भराव घातलाय. मी वाकून नळीच्या तोंडात हात घातला तर आत सागाची पानं, थाळीएवढी एकेक, एकावर एक चिकटून पुठ्ठ्यासारखी घट्ट झालेली, त्यात फांद्या अडकलेल्या, त्यावर गाळाचा लेप. एक थर उचकटला तर खाली दुसरा. नळीतून थेंब जात नव्हता. नाल्याचं पाणी भरावाच्या मागे तुंबलेलं, वर चढलेलं आणि मग रस्त्याचा उतार धरून डावीकडे निघालेलं. जुन्या चाकोरीतून ते किती लांब गेलं म्हणून मी पावलं मोजत गेलो, एकशे चाळीस भरली. पुढे वळणावर दरीकडची कड फोडून ते खाली उतरलं होतं, जिथे आधी नाला नव्हताच. तिथे आता घळ आहे. बाबांनी काठीने दाखवलं, "आठेच फुटनं व्हतं पानी, दख." तीच काठी घळीत उभी धरली तर तिचं टोकही वर दिसेना. कडेची सागाची चार झाडं मुळं उघडी टाकून वाकलेली होती. आणि त्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्यांच्या केळीत जो पिवळट गाळ घोट्याएवढा बसला, ज्याच्यासाठी ते सगळ्यांना शिव्या देत होते, तो कुठून आला ते मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

आता हे असं का होतं ते नीट समजून घेऊ, कारण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हे बघितलंय. डोंगराच्या उतारावर रस्ता काढताना वरची बाजू कापतात आणि निघालेली माती खालच्या बाजूला लोटतात, त्यावर रस्त्याची अर्धी रुंदी उभी असते. त्या कापलेल्या बाजूला काय घडतं? सातपुड्याचा दगड काळा, त्याच्यावर मुरूम, त्याच्यावर बोटभर ते हातभर माती. पावसाचं पाणी मातीतून मुरमात जातं आणि दगड लागला की मुरमातल्या मुरमात हळूहळू खाली सरकत राहतं, याच झिरप्यावर दिवाळीपर्यंत नाले वाहते राहतात. रस्त्याने उतार कापला की हे आतलं पाणी कापलेल्या भिंतीतून बाहेर पडतं आणि रस्त्याच्या गटारात येतं. जे पाणी महिनाभर जमिनीत चाललं असतं ते तासाभरात नाल्यात. वर रस्त्याचा पृष्ठभाग ट्रकच्या चाकांनी इतका दाबलेला की पहार मारली तर ठणकन वाजते, तिथे पाणी मुरत नाही, सगळं वाहतं. म्हणजे गटार आणि चाकोरी मिळून डोंगरावर एक नवा नाला तयार होतो, उतारावर आडवा पसरलेला, जो निसर्गाने कधी काढला नव्हता. तो जिथे जिथे खऱ्या नाल्याला मिळतो तिथे पूर वाढतो, गाळ वाढतो. आणि जिथे खरा नाला रस्त्याखालून जायचा तिथे एकच नळी. नळी साफ करायला माणूस आहे तोवर ठीक, तो गेला की किती पावसाळे निघतील? आमच्या जंगलात तर साग. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत साग पानं गाळत असतो, नाल्याचं कोरडं पात्र पानांनी भरून जातं आणि मृगाचा पहिला जोराचा पाऊस ते सगळं एका दमात उचलून नळीच्या तोंडाशी नेऊन घालतो.

मग जंगल आपोआप भरून येतं हे म्हणणं अगदीच खोटं आहे का? नाही, आणि हे मान्य केलं पाहिजे. डोंगराच्या धारेवरून गेलेले रस्ते, जिथे ओलांडायला नाला नाही, वरून येणारं पाणी नाही, उतार सपाट आहे, ते खरंच भरून येतात. मी स्वतः असा एक रस्ता बघितलाय ज्यावर अंजन आणि धावड्याची झाडं माझ्या डोक्याच्या वर गेलीत आणि नवख्या माणसाला तिथे रस्ता होता हे कळणारही नाही. अशा रस्त्यावर मशीन घेऊन जाणं म्हणजे बसलेली खपली काढणं. त्यांना हात लावू नका. पण तो अनुभव घेऊन नाल्यांवरच्या रस्त्याबद्दल बोलणं ही गफलत आहे. झाड उगवलं म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला असं नसतं, भरावावर दाट टणटणी आणि वर बांबू असला तरी खालची नळी तुंबायची ती तुंबतेच, उलट पानं आणि फांद्या पडायला जास्त. हिरवं दिसतंय म्हणून निर्धास्त राहायचं आणि मग एखाद्या वर्षी एका रात्रीत शंभर-दीडशे मिलिमीटर पडला की अख्खा भराव एकदम नाल्यात. पुरुषभर उंच आणि पाच-सहा मीटर रुंद भराव म्हणजे किती हायवा ट्रक माती होते याचा हिशोब कुठलाही मुरमाचा धंदा करणारा तुम्हाला उभ्या उभ्या सांगेल.

आणि ती माती जाते कुठे, हा प्रश्न खान्देशात तरी विचारायला नको. सुकी, मोर, गूळ, अनेर, या सगळ्या नद्या सातपुड्यातून उतरतात आणि तापीला मिळतात. डोंगराच्या पायथ्याशी धोंड्या-गोट्यांचा जो पट्टा आहे, ज्याला भूजलवाले बझाडा म्हणतात, तिथे डोंगरातून खळाळत आलेला नाला बघता बघता दगडांत गडप होतो हे आपल्याकडच्या प्रत्येकाने बघितलंय. ते गडप झालेलं पाणी म्हणजेच यावल-रावेर-चोपड्याच्या विहिरी आणि बोअर. रावेर आणि यावलमध्ये भूजलाचा अतिउपसा होतोय हे सरकारी अहवाल वर्षानुवर्षं सांगतायत, आपली केळी त्याच पाण्यावर उभी आहे. त्या गोट्यांच्या पट्ट्यावर दरवर्षी बारीक गाळाचा लेप बसत गेला तर पाणी मुरणार कुठून? विहीर पुनर्भरणाच्या खड्ड्यात गाळ गेला की खड्डा वाया जातो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, तो वाळू-खडीचा फिल्टर लावतो. मग पुनर्भरणाचा जो सगळ्यात मोठा खड्डा देवाने आपल्याला फुकट दिलाय त्याच्या तोंडाशी गाळ सोडायचा? सगळा गाळ रस्त्यांचाच असतो असं मी म्हणत नाही, तो खोटेपणा होईल. उतारावरची शेती, चराई, वणवे, सगळ्यांचा वाटा आहे. पण शेती आणि चराई यावर माणसांची पोटं आहेत, तिथे बदल करायचा तर पिढी जाते. बेवारस रस्त्यावर कोणाचंच पोट नाही. गाळ कमी करायची सगळ्यात सोपी जागा हीच, आणि नेमकी हीच आपण सोडून दिली.

विरोधातला पुढचा मुद्दा जास्त जोरकस आहे. लोक म्हणतात, अहो रस्ता मोडायचा म्हणजे पुन्हा जेसीबी, पुन्हा उकराउकर, पहिल्या पावसात त्या मोकळ्या मातीचाच गाळ होणार, बरा झालेला रोग उकरून काढताय. यात तथ्य आहे. नाल्यातला भराव काढला की पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत कडा थोड्या ढासळतात, पाणी गढूळ होतं, हे होणारच. प्रश्न असा की थोडा गाळ आता आणि मोजून की सगळा गाळ पुढे आणि एकदम? याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही, मोजलेलं आहे. कॅलिफोर्नियात रेडवूड नॅशनल पार्क आहे, १९६८ सालचं, १९७८ मध्ये ते वाढवलं तेव्हा लाकूडतोड होऊन उघडी पडलेली प्रचंड जमीन आणि तिच्यावरचे शेकडो किलोमीटर लाकूडरस्ते त्यांच्या गळ्यात पडले. त्यांनी ते मोडायला घेतले, नाल्यांतले भराव काढले, रस्ते उखळले, काही ठिकाणी उतार पूर्ववत केला. मग जानेवारी १९९७ मध्ये मोठं वादळ आलं, साधारण बारा वर्षांतून एकदा येतं तसं, आणि त्यानंतर मोजणी झाली. मोडलेल्या रस्त्यांच्या जवळपास ८० टक्के तुकड्यांवर धूप दिसलीच नाही आणि त्यांच्यापासून ओढ्यांत गेलेला गाळ न मोडलेल्या रस्त्यांच्या साधारण एक चतुर्थांश होता. डोंगराच्या अगदी खालच्या, खड्या उतारावर मात्र काम केलेले रस्तेही काही ठिकाणी घसरले, हेही त्याच मोजणीत आहे आणि तेही सांगायला हवं. त्यांचा दगड वेगळा, पाऊस हिवाळ्यातला, झाडं वेगळी, म्हणून तो आकडा उचलून सातपुड्याला चिकटवता येणार नाही. पण तुंबलेली नळी तिथेही भराव फोडते आणि इथेही फोडते, यात देशाचा फरक पडत नाही.

आता आपल्या खास मराठी अडचणीकडे येतो, आणि इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचंय. "पाणी अडवा, पाणी जिरवा" हे आपण लहानपणापासून भिंतींवर वाचत आलो. चांगलं आहे ते, त्याने गावं उभी राहिलीत, शिरपूरकडे जाऊन कोणीही बघावं. पण त्यामुळे झालंय असं की पाणी दिसलं की ते अडवायचं, एवढंच आपल्या डोक्यात बसलंय. बंद रस्ता दिसला की लगेच कोणीतरी सुचवतं, रस्त्यावरच खड्डे घ्या, सलग समतल चर काढा, आयतं शेततळं होईल. सपाट जागी, घट्ट जमिनीवर जरूर करा. पण उतारावरच्या रस्त्याची बाहेरची अर्धी बाजू म्हणजे लोटलेली सैल माती आहे हे वर सांगितलं. तिथे पाणी साठवलं तर ते त्या सैल मातीत जिरतं, माती फुगते, जड होते आणि एका रात्री सगळा डोंगरकाठ घेऊन खाली बसते. तिथे पाणी अडवायचं नसतं, तिथे त्याला लवकरात लवकर आणि थोडं थोडं करून रस्त्यावरून बाहेर काढायचं असतं. जिरवायचं ते खाली, घट्ट जमिनीत, झाडीत, नाल्याच्या पात्रात. पाणी सोडायला शिकणं हाही पाणी सांभाळण्याचाच भाग आहे.

हे आपल्या वाडवडिलांना चांगलं माहीत होतं. पांझरा आणि मोसमवरची फड पद्धत बघा, तिचं कौतुक सगळे करतात आणि कौतुक करताना बंधाऱ्याचा फोटो टाकतात. पण फडाचं खरं डोकं बंधाऱ्यात जेवढं तेवढंच सांडव्यात. नदीतून पाटाने पाणी घेतलं, चाऱ्यांनी फडांत फिरवलं, आणि जास्तीचं झालेलं पाणी परत नाल्यात, नदीत जायला वाट ठेवली. वर पाटकरी, जागल्या अशी माणसं नेमलेली, पाट फुटला की तुंबला ते बघायला. म्हणजे ज्यांनी पाण्याची वाट बदलली त्यांनी ते परत कुठून जाईल हेही ठरवलं आणि ते बघणारा माणूसही ठेवला, म्हणून ती पद्धत शेकडो वर्षं टिकली. डोंगरातले रस्ते करणाऱ्यांनी पाण्याची वाट बदलली, परतीची वाट म्हणून एक नळी ठेवली आणि बघणारा माणूस काढून घेतला. जुनी बैलगाडीची वाट सुद्धा शहाणी होती. ती नाल्याच्या पात्रात उतरायची, दगडांवरून पलीकडे चढायची, पूर असला की गाडीवान बिडी पेटवून पूर ओसरायची वाट बघत बसायचा. नाल्याला तिने कधी अडवलं नाही. अशा गाडवाटा आज सोडून दिल्या तरी डोंगराचं काही बिघडत नाही, बिघडतं ते भराव आणि नळीवाल्या रस्त्याने.

मग करायचं काय नेमकं? सगळ्यात आधी नाले. एका रस्त्यावर दहा ठिकाणी नाला ओलांडला असेल तर त्या दहा जागांत निम्म्याहून जास्त धोका आहे असं समजून पैसा आणि मशीन तिथे लावा. नळी काढायची, भराव काढायचा, आणि किती काढायचा याचं उत्तर नाला स्वतः देतो. खाली खणत गेलं की मुरमाचा रंग बदलतो, काळपट कुजलेल्या पानांचा थर लागतो, कधी पुरलेली खोडं लागतात, मग गोल झालेले दगड लागतात, ते नाल्याचं जुनं पात्र. तिथे थांबायचं. वरच्या आणि खालच्या अंगाला नाला जेवढा रुंद आहे त्याहून कमी रुंदी ठेवायची नाही, कडा भिंतीसारख्या उभ्या न ठेवता आडव्या पाडायच्या, आणि निघालेली माती नाल्याच्या काठावर न टाकता रस्त्याच्या घट्ट भागावर, कापलेल्या भिंतीला टेकवून टाकायची. इथेच सगळे चुकतात. एका ठिकाणी मी बघितलं, भराव छान काढला होता आणि माती तिथेच पाच पावलांवर काठाला ढिगारा करून ठेवली होती, पहिल्या पुरात सगळी परत नाल्यात. मशीनवाल्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, त्याचं बिल तासावर निघतं आणि हायवा बोलावला तर वेगळा खर्च.

त्यानंतर नाल्यांच्या मधला रस्ता. तिथे आडवे चर मारायचे, रस्त्याला काटकोनात न मारता थोडे तिरपे, खालच्या बाजूला झुकलेले, वीतभराहून जास्त खोल, वरचं टोक कापलेल्या भिंतीत घुसवलेलं म्हणजे गटारातलं पाणीही त्यात येईल, आणि खालचं टोक उघडं. उघडं म्हणजे उघडंच, मातीचा बांध घालून बंद केलेलं नको, आणि त्याच्या तोंडाशी चार दगड रचलेले म्हणजे पाणी पडून खड्डा होणार नाही. किती अंतरावर? रस्ता दहा मीटरला एक मीटर उतरत असेल तर साधारण २५ मीटरला एक चर, त्याच्या दुप्पट उतार असेल तर १५ मीटरच्या आसपास. आकडा पाठ करायची गरज नाही, भर पावसात छत्री घेऊन रस्त्यावर उभं राहिलं की पाणी कुठून पळायला लागतं ते दिसतं, त्याच्या आधी चर पाहिजे. आणि चराचं तोंड सैल भरावावर किंवा आधीच भेगा पडलेल्या कडेवर सोडायचं नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ. दाबलेली जमीन जिथे मुरूम खोल आहे तिथे दीड-दोन फूट उखळायची, केळीवाल्यांना सबसॉयलर माहीतच आहे, ट्रॅक्टरच्या चाकाखाली बसलेलं तळ फोडायला आपण जे करतो तेच. दगड वर आलेला असेल तिथे उखळून उपयोग नाही, वेळ घालवू नका. हे सगळं दिवाळीनंतर नाले आटले की सुरू करून मेच्या आत संपवायचं, वरून गवताचं बी, कापलेली टणटणी पसरून द्यायची.

खर्चाचं काय, असं विचारणारे चूक नाहीत. वनखात्याकडे वणव्याला माणूस पुरत नाही, तिथे मेलेल्या रस्त्यावर कोण पैसे घालणार? पण प्रत्येक किलोमीटर सारखा मोडायचा असं कोण म्हणतंय? धारेवरचे रस्ते सोडून द्या, मधल्या उतारावर चर पुरे, मशीन फक्त नाल्यांवर. आणि चर मारणं, दगड रचणं, बी टाकणं हे हाताचं काम आहे, पहार, टिकाव, घमेलं यांचं. ७२ च्या दुष्काळात आपल्याकडे माणसांनी रस्त्यांसाठी खडी फोडून पोट भरलं, त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. रस्ते करायला रोजगार हमी चालली तर पाण्याची वाट मोकळी करायला का चालू नये? सातपुड्यातली घरंच्या घरं हिवाळा लागला की ऊसतोडीला, बांधकामाला गुजरातेत जातात, आणि हे काम नेमकं त्याच महिन्यांत करायचं आहे, त्यांच्याच डोंगरात. ज्या बाबांनी नाला कुठे फुटला ते मला काठीने दाखवलं त्यांच्याइतकी माहिती कुठल्या नकाशात आहे? खाण काढणाऱ्याला खाण बंद कशी करणार याचा आराखडा द्यावा लागतो, २००३ पासून आपल्या देशात ते बंधनकारक आहे. जंगलात रस्ता काढणाऱ्याला, मग ते सरकारी खातं का असेना, तोच प्रश्न पहिल्या दिवशी का विचारू नये?

राहिला पाड्यांचा प्रश्न, आणि माझ्या मते या वादातला हा सगळ्यात खरा मुद्दा आहे. नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्याकडे माणसं पेशंटला बांबूच्या झोळीत घालून मैलोन् मैल उतरवतात, तिथे रस्ता बंद करायची भाषा ऐकून कोणाचंही डोकं फिरेल. वणवा विझवायला जायला, गस्तीला रस्ता लागतो हेही खरं. म्हणून कुठला रस्ता मेला आणि कुठला जिवंत आहे हे ऑफिसात बसून ठरवायचं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे, त्यात गावाच्या सोयीसाठी, रस्ता सुद्धा त्यात आला, एक हेक्टरच्या आतली वनजमीन वळवता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं जाणार नसतील तर, आणि त्याला ग्रामसभेची शिफारस लागते. जो रस्ता करायला ग्रामसभेला विचारावं लागतं तो मोडायला तिलाच का विचारू नये? ग्रामसभेने म्हटलं हा रस्ता आम्हाला लागतो, तर तो ठेवा, पण मग ठेवणं म्हणजे ठेवणं. नळी काढून तिथे नाल्याच्या पात्राला धरून सपाट फरशी करा म्हणजे पूर वरून जाईल आणि पानं अडकणार नाहीत, गटाराचं पाणी दर थोड्या अंतरावर बाहेर काढा, मे महिन्यात मोऱ्या साफ करायला माणूस द्या. पाड्यावरच्या पोरांनाही मला हेच सांगायचंय, की नुसता रस्ता चालू ठेवा म्हणून तो चालू राहत नाही. नाला रस्त्यावर वळला की पहिली वाहून जाते ती तुमचीच वाट, आणि ॲम्ब्युलन्स त्या घळीच्या अलीकडेच थांबते.

आमच्या वरच्या त्या रस्त्याला कोणी वाली नाही, पाड्यावरच्यांनाही तो नकोय, मी विचारलं. ते दुसऱ्या वाटेने उतरतात. मी आणि बाबांनी मिळून नाल्यावरच्या जागा मोजल्या, सात निघाल्या, त्यातल्या तीन नळ्या पूर्ण बंद, एक अर्धी, आणि एका ठिकाणी भराव आधीच निम्मा गेलाय. फोटो काढून, कुठली नळी कुठे आहे ते कागदावर लिहून अर्ज तयार केलाय, ग्रामसभेत ठेवायचाय. मंजूर झालं तर काम व्हायला मेपर्यंतचाच वेळ आहे, सागाची पानं पडायला लागलीत.